हरतालिकेच्या दिवशीची भाकर

आमच्या घरात दुखण्यावर पहिलं औषध म्हणजे खाऊ घालणं, आणि ते लागू पडलं नाही की दुसरं म्हणजे उपाशी ठेवणं. माझी वहिनी शांता या दोन्ही औषधांनी मरायला टेकली होती. ते कसं झालं आणि मी त्यात काय केलं, तेवढंच इथं सांगणार आहे. मी चौथी पास आहे. पाचवीची शाळा बोरीला होती आणि पोरीनं तीन कोस चालत जायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं होतं, म्हणून पुढं शिकले नाही. साखरेचं आणि पिठाचं जे रसायन इथं येईल ते मी पुस्तकातून नाही, चुलीवर शिकले. त्यात चुकलं असेल तर नातीनं दुरुस्त करावं. ती यवतमाळच्या कॉलेजात तोच विषय घेऊन बसली आहे.

वहिनी बाभुळगावाकडची. लग्न होऊन आली तेव्हा अंगानं अशी भरलेली की डोक्यावर कडब्याच्या दोन पेंढ्या घेऊन शेताच्या धुऱ्यावरून धावायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तरी रीतीप्रमाणे मला चंद्राबाई म्हणायची. मला तेरावं लागलेलं. मला कुणी बाई म्हटलं की मी उगाच ताठ चालायची. त्या साली कापूस चांगला आला होता. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, आम्ही त्यावरच झोपायचो, आणि सकाळी केसांत सरकी अडकलेली असायची. जेवण रोजचंच: ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, लाल तिखट. वहिनी तीन भाकरी खायची आणि हसून चौथी मागायची. मग ती चारही खायला लागली, पाचही खायला लागली, आणि वाळत गेली. गडव्यानं पाणी पिणारी बाई पाण्याचा अख्खा गुंड उचलून तोंडाला लावायला लागली. परसात ती जिथं बसून यायची तिथं थोड्या वेळात मुंग्यांची रांग लागायची.

मायनं त्या मुंग्या पाहिल्या आणि शेजारच्या सोनाकाकूला बोलावलं. सोनाकाकू म्हणजे आमच्या आळीतल्या सगळ्या पूजाअर्चांची मुख्य. तिनं सांगितलं की कुणाची तरी नजर आहे, पोरीला आधी खाऊ घाल. माय कंजूष नव्हती. दुधात गूळ, केळी, रोज शिरा. वहिनीचे गाल आत गेले. मग सोनाकाकू म्हणाली, उपास धरायला लाव. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. आणि उपासाला काय? साबुदाणा, रताळी, भगर. माय निवडून निवडून रताळी उकडायची आणि म्हणायची, "बिचारीनं आज काईच खाल्लं नाई." आज हे लिहिताना मला हसू येतं. साखरेनं भरलेल्या बाईला आम्ही उपासाच्या नावाखाली साखरेचं पोतं चारत होतो, आणि त्याचं पुण्य लागेल म्हणून वाट पाहत होतो. मायचा दोष नाही असं मी म्हणणार नाही. तिचा होता, माझाही होता, सगळ्यांचाच होता.

एका सकाळी वहिनी उठली नाही. श्वास धापा टाकल्यासारखा, आणि तोंडाला फळ सडल्यासारखा वास. दादानं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यानं, माझ्या थोरल्या भावानं नारायणनं, छकडा जुंपला आणि सडकेवरून मोटारीनं तिला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. कापसाची वेचणी चालू होती, मायला घर सुटत नव्हतं, म्हणून सोबतीला मी. तिथं आम्ही वीस-बावीस दिवस राहिलो. वहिनीला सुई सुरू झाली, इन्सुलिनची, आणि आठ दिवसांत ती मला ओळखून बोलायला लागली.

तिथल्या सिस्टरला मुली रिकाम्या बसलेल्या चालत नसत. तिनं मला कामाला लावलं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त, विटेसारखं लाल झालं तर वाईट. वहिनीचं पहिल्या दिवशी विटेसारखं झालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याआधी गावात कुणी काही म्हटलं तर मी मान हलवायची. त्या नळीनंतर माझी ती सवय मोडली.

मी सिस्टरला विचारलं, "पन ते त महिनाभऱ्यापासून गूळ खातच नाई. भाकर अन् रताळी खाते. साखर आली कुठून?" तिनं वॉर्डातल्या जेवणातला भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चावत राहा. गिळायचं नाही, मी सांगेपर्यंत." ती औषधं वाटून परत येईपर्यंत मी चावत बसले. तोंडातली भाकर गोड झाली होती. ती म्हणाली, ज्वारी, भात, रताळं, साबुदाणा, सगळं एकाच कुळातलं. साखरेचे मणी ओवून केलेली लांब पोत म्हणजे पीठ. जिभेला पोत कळत नाही, सुटा मणी कळतो. तोंडातली लाळ पोत तोडायला लागते, पुढचं पोटात तुटतं. मग मणी रक्तात जातात आणि त्यावरच माणूस चालतो, हात उचलतो, विचार करतो. वहिनीच्या रक्तात मणी हवे त्याहून जास्त होते, पण अंगात शिरत नव्हते. त्यांना दार उघडून देणारा रस तिच्या पोटातल्या ग्रंथीत आटला होता. साखर दाराशी साचलेली आणि आतलं माणूस उपाशी. ते उपाशी माणूस मग स्वतःचीच चरबी जाळतं, तोंडाचा वास त्याचा. सुईत तोच दार उघडणारा रस होता.

(नात म्हणते की आमच्या खोलीतला तो कापूससुद्धा त्याच मण्यांचा असतो. फक्त एक मणी सुलटा, एक उलटा असा ओवलेला, म्हणून आपल्या पोटाला ती पोत तोडता येत नाही. गाईच्या पोटातले जिवाणू तोडतात, म्हणून गाय कडब्यावर जगते. हे मला तेव्हा कळलं असतं तर मायला सांगून आणखी एक शिवी खाल्ली असती.)

निघताना सिस्टरनं माझ्याकडून तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. सुई रोज सकाळी. सुईनंतर अर्ध्या तासात खाणं. नाही खाल्लं तर उलटं होईल: दार उघडं आणि साखर संपलेली. घाम सुटेल, कापरं भरेल, माणूस बरळेल, मग बेशुद्ध. तसं झालं तर आधी गूळ, आणि शुद्धीवर आली की लगेच भाकर. गूळ म्हणजे पऱ्हाटी, कापसाची वाळकी काडी, भुर्रकन पेटते आणि विझते. भाकर म्हणजे बाभळीचं लाकूड. पऱ्हाटी हा माझा शब्द, सिस्टरनं कागद म्हटलं होतं. सुई टोचायला आधी दादाला शिकवलं, पण पहिल्याच दिवशी त्याला घेरी आली आणि वॉर्डातल्या बाया दोन दिवस हसल्या. म्हणून मी शिकले.

घरी आल्यावर माठाच्या बुडाशी ओल्या रेतीत इन्सुलिनची बाटली पुरून ठेवली, गार राहावी म्हणून. सुई उकळायला मायनं भांडं दिलं नाही, मी फुटक्या कानाची गंजी, म्हणजे पातेली, घेतली. सिस्टरनं सोबत दिलेली नळी आणि निळं औषध घेऊन चुलीजवळ बसले तर माय कडाडली, "मुतासाठी चूल पेटवून राह्यली का व माह्या घरात?" मी परसात तीन दगड मांडले. त्या चुलीवर मी नुसती लघवीच नाही, हाताला लागेल ते तपासलं. गूळ टाकला, औषध लाल झालं. मोहाची फुलं भिजवून ते पाणी टाकलं, लाल झालं. दुकानातली पांढरी साखर टाकली तर निळंच राहिलं! मला वाटलं औषध नासलं. पुढच्या वेळी बाटली आणायला गेले तेव्हा सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, त्या साखरेत दोन मणी एकमेकांचे हात धरून बसलेले असतात, औषधाला धरायला मोकळा हात सापडत नाही. पोटात गेले की ते हात सुटतातच, तेव्हा पांढरी साखर चालते असं समजू नकोस.

मग मी भाकर चावून चावून ती लाळ नळीत टाकली आणि मायसमोर उकळली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं. मी म्हटलं, "पाह्य, भाकर बी साखरच होय. म्हनून वहिनीले मापून द्या लागते, अन् वक्तावर द्या लागते." माय नळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "थुका अन् मूत. यवतमाळले जाऊन हेच शिकली का तू?"

उन्हाळा लागला तसं मायचं बोलणं बदललं. सुई कधीच सुटणार नाही हे तिला कळलं होतं. पोर होईल की नाही, झालं तर जगेल की नाही, कुणी सांगत नव्हतं. ती वहिनीला ऐकू जाईल अशा बेतानं सोनाकाकूला म्हणायची, "धाडून देतो हिले बापाकडं. माह्या नारायनाचं पुरं आयुष्य पडलं हाय." दादा ऐकायचा आणि बैलांना पाणी पाजायला निघून जायचा. वहिनी शेणाची पाटी उचलायची. तिच्या बापाकडे सुई टोचणारं कुणी नव्हतं. तिला धाडणं म्हणजे काय, हे घरात मला आणि तिला दोघींनाच ठाऊक होतं.

अशात हरतालिका आली. नवऱ्याच्या आयुष्यासाठी पाण्याचा थेंबही न घेता धरायचा उपास. मी मायला आठ दिवस आधी सांगितलं की वहिनीला हे जमणार नाही. माय म्हणाली, "सुई घेते त घेऊ दे. वरत कायले मोडा लागते? मापून खा, मापून खा, तूच म्हनतं ना? एक दिवस माप शून्य." वहिनी मला परसात गाठून म्हणाली, "चंद्राबाई, वरत नाई धरलं त मामी उद्याच धाडतीन." सासूला आमच्याकडे मामी म्हणतात. मग आमचं दोघींचं ठरलं. सुई टोचायची, कारण न टोचली तर काय होतं ते आम्ही पाहिलं होतं. आणि मी गोठ्यात, गव्हाणीच्या वर, फडक्यात दोन भाकरी ठेवायच्या. सकाळी एक, दुपारी एक, तिनं शेण काढायला म्हणून जायचं आणि खाऊन यायचं. मी सकाळी सुई टोचली. ती गोठ्यात गेली, परत आली, मला पाहून मान हलवली. मी विश्वास ठेवला.

दुपार कलल्यावर आळीतल्या बारा-पंधरा बाया आमच्या ओसरीवर जमल्या. नदीच्या रेतीचा महादेव केला होता, त्यावर बेल, आघाडा, पत्री. सोनाकाकू कहाणी सांगत होती: आजच्या दिवशी जी पाणी पिते ती पुढच्या जन्मी जळू होते, जी गोड खाते ती मुंगी होते. वहिनी माझ्या समोर बसली होती. तिच्या ओठावर घाम दिसला. हवा गार होती. मग तिचे हात थरथरायला लागले, हातातली पत्री सांडली, आणि ती घुमल्यासारखी डोलून काहीतरी बरळली.

"आली! आली व माय!" सोनाकाकू ओरडली. "अंगात आली!"

बायांनी हात जोडले. कुणी वहिनीचे केस सोडले, कुणी मळवट भरला. सोनाकाकूनं विचारलं, "कोन होय माय तू? माहूरची होय का?" वहिनी म्हणाली, "वासरू... वासरू सोडा." बायांना ते फार मोठं वाटलं. एकीनं सुनेला पोरगा होईल का विचारलं, एकीनं हरवलेल्या पाटलीचं विचारलं. आणि माझी माय, जी तिला बापाकडे धाडायला निघाली होती, तिनं पुढं होऊन वहिनीच्या पायावर डोकं ठेवलं.

मी गोठ्यात धावले. फडकं जसंच्या तसं होतं. दोन्ही भाकरी आत.

सुई मीच टोचली होती. डब्यातला गूळ वरवंट्यानं फोडला, पाण्यात कालवला आणि बायांमधून घुसले. सोनाकाकूनं माझं मनगट धरलं. "काय करतं व पोट्टे! देवीचा उपास हाय!" मी तिच्या हाताला चावले. खरंच चावले, रक्त आलं. बोटावर ओला गूळ घेऊन वहिनीच्या गालाच्या आतून चोळला, परत घेतला, परत चोळला. ती गिळायला लागली तसं पाणी घोट घोट पाजलं. पाठीत दोन धपाटे बसले, कुणाचे ते मी पाहिलं नाही. थोड्या वेळानं तिचा घाम सुकला, नजर जागेवर आली. तिनं कपाळाला हात लावून तो लाल हात पाहिला आणि विचारलं, "काय झालं व? मले कायले रंगवलं?"

सोनाकाकू हाताला पदर गुंडाळत होती. ती मनानं वाईट नव्हती, तिनं वाट काढून दिली. "हिले शुद्ध नव्हती. गूळपानी देवीनंच पेलं म्हनू. वरत मोडलं नाई. आता सकाळलोक तोंडाले कुलूप."

"नाई चालत," मी म्हटलं. "गूळ घंटाभऱ्यात सरते. सुई सकाळलोक चालते. आताच्या आता भाकर खा लागते, नाई त परत पडन. मंग नाई उठनार."

माय माझ्याकडे वळली. "सुई कोनं देल्ली आज?"

"मीनं."

"उपास हाय हे मालूम असून?"

"मालूम असून. भाकर बी मीच ठेवली होती गोठ्यात. तिनं नाई खाल्ली."

मायनं माझ्या मुस्काटात मारली. मी जागची हलले नाही. वहिनी खाली मान घालून म्हणाली, "खाल्ली नाई. म्हटलं एक दिवस त निंघन. वरत पुरं झालं त मामी ठेवतीन घरात."

मी फडकं सोडून भाकर तिच्या पुढं ठेवली, रेतीच्या महादेवासमोरच. बेशुद्धीत प्यायलेलं पाणी माफ होतं. ही भाकर पूर्ण शुद्धीत खायची होती, बारा-पंधरा सवाष्णींच्या देखत, नवऱ्याच्या आयुष्याच्या उपासाला. माय म्हणाली, "खाय. पन खाल्ली त उद्या नारायन गाडी जुंपन, अन् तू बाभुळगावले जाशीन."

वहिनीनं भाकरीकडे पाहिलं. मला वाटलं, ही नाही खाणार. सोनाकाकू हळूच म्हणाली, "शांते, कहानी ऐकली ना व? गोड खाल्लं त मुंगी होशीन."

वहिनी म्हणाली, "मुंग्या त तशाही माह्या मांगंच हायेत, काकू. वळखीच्या झाल्या." मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. वहिनीनं भाकर मोडली. पहिला घास तिला गिळवेना. ती मला म्हणाली, "तिखट दे व चंद्राबाई, कोरडी जात नाई." मी तिखट आणलं. तिनं अख्खी भाकर खाल्ली, सावकाश, आणि मग पाणी मागितलं. बाया एकेक करून उठून गेल्या.

दिवेलागणीला दादा शेतातून आला. मायनं सगळं सांगितलं आणि उद्या छकडा जुंप म्हणाली. दादानं हातपाय धुतले. मग म्हणाला, "उद्या बैल मोकळे नाईत. डवरनी हाय." डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, आदल्याच दिवशी संपली होती. मायला ते ठाऊक होतं, मलाही.

मी चुकले का, असं मला नंतर किती जणींनी विचारलं. देव-धर्म, मोठ्यांचा मान, सगळं ऐकवलं. एका गोष्टीत चुकले: भाकर ती माझ्यासमोर खाते की नाही ते पाहिलं नाही. बाकी चावले ते बरोबर, व्रत मोडलं ते बरोबर. वहिनी पुढं बरीच वर्षं जगली. डोळे शेवटी गेले, पायाचं बोट गेलं, पोर झालं नाही. सुख झालं असं मी म्हणत नाही. जगली. आणि दादा तिच्यामागं वीस वर्षं जगला, म्हणजे त्या भाकरीनं त्याचं आयुष्य काही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गंजीत सुई उकळली, बाटली रेतीतून काढली, औषध भरलं. वहिनी बाही वर करून बसली. माय चुलीपाशी होती. रात्रीपासून ती आम्हा दोघींशी एक शब्द बोलली नव्हती, आणि माझ्याशी पुढं दिवाळीपर्यंत नीट बोलली नाही. मी सुई दंडाला लावणार तेवढ्यात ती आतून, माझं नाव न घेता, खेकसली, "थांब म्हन तिले. तवा आत्ता ठेवला. भाकर होऊ दे आधी."

मी भरलेली सुई हातात धरून भाकर फुगेपर्यंत बसून राहिले.